हुडहुडच्या मुलखात

फिलिपीन्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. सात हजारांवर बेटांचा देश; तेथे दुसरे काय दिसणार? पण त्याच देशात, लुझोन बेटाच्या उत्तर भागात, इफुगाओ नावाचा एक डोंगरी प्रांत आहे. त्याला बोटभरही समुद्रकिनारा नाही. जिकडे पाहावे तिकडे उभे डोंगर, आणि त्या डोंगरांना तळापासून खांद्यापर्यंत भाताच्या पायऱ्या. गेल्या मेच्या सुट्टीत या मुलखात मी चार दिवस काढले. त्यातले तीन निव्वळ पायी.

माझा धाकटा भाऊ काही वर्षे नोकरीच्या निमित्ताने मनिलात आहे. "ताई, एकदा ये, तुला समुद्र दाखवतो," असा त्याचा धोशा होता. मी म्हटले, "समुद्र मुंबईला पुष्कळ पाहिला, मला डोंगरात ने." याला कारण होते. महाविद्यालयात मी लोकसाहित्य शिकवते. जात्यावरच्या ओव्यांवर बोलताना बायकांच्या श्रमगीतांचा विषय निघतो आणि दरवर्षी इफुगाओच्या 'हुडहुड'चा उल्लेख येतो. हे भाताच्या कापणीला बायका गातात ते दीर्घ कथागीत. नाव ऐकून वर्गात हटकून हशा होतो, कारण मराठी कानाला त्यात थंडीची हुडहुडीच ऐकू येते. ज्या गाण्याविषयी आपण इतकी वर्षे बोलतो ते निदान कोठे उगवते ते तरी पाहावे, एवढाच माझा हेतू.

मनिलाहून रात्रीची बस निघते ती साडेतीनशे किलोमीटर चालून सकाळी बानावेला सोडते. गाव सुमारे चार हजार फूट उंचीवर. भावाने खिशातून वीस पेसोंची नोट काढली आणि समोर धरली. २०१० साली निघालेल्या या नोटेच्या पाठीवर बानावेच्या पायऱ्या छापलेल्या आहेत. नोट नि डोंगर दोन्ही एकदम पाहण्याची ही संधी काही वाईट नव्हती. पण गंमत अशी की नोटेवर मिरवणाऱ्या या पायऱ्या जागतिक वारशाच्या यादीत नाहीत. युनेस्कोने १९९५ साली इफुगाओतले पाच समूह निवडले: बाताद, बांगान, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. बानावे गावालगतच्या पायऱ्यांमध्ये पत्र्याची नि सिमेंटची घरे शिरली आहेत. म्हणून खरे पाहायचे तर चालावे लागते.

चालायचे म्हणजे वाटाड्या हवा. आमचा वाटाड्या तिशीतला, बुटका, पिंढऱ्या दगडासारख्या, आणि तोंडात अखंड विडा. हो, विडाच! पान, सुपारी नि चुना. आपल्याकडचा कात मात्र नाही. याला ते 'मोमा' म्हणतात. इतक्या दूरच्या डोंगरात पहिल्या भेटीलाच कोणी पानाची पिशवी पुढे करावी, याने मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. पहिल्या दिवशी तो मला 'मॅम' म्हणत होता. भावाच्या तोंडून 'ताई, ताई' ऐकून दुसऱ्या दिवशी दुपारपासून तोही 'ताई' म्हणू लागला. त्याला तो माझ्या नावाचाच एक भाग वाटला असावा.

पहिला दिवस पुला गावापर्यंतचा, आणि तो बहुतेक सगळा रानातला. शेवाळाने मढलेली झाडे, पायाखाली ओला पाला, आणि कोठून तरी सतत पाण्याचा आवाज. भात कधी दिसणार असे मी दोनदा विचारले. तो म्हणाला, "हे भातच आहे." अर्थ पुढे कळला. प्रत्येक कुळाच्या खाचरांच्या वरच्या अंगाला त्या कुळाचे राखलेले रान असते. त्याला 'मुयोंग' म्हणतात. पाऊस रानात मुरतो, झरे होऊन खाली येतो, पाटाने पहिल्या खाचरात उतरतो, तेथून दुसऱ्यात, आणि असा थेट नदीपर्यंत. रान तुटले की पाणी तुटले, आणि पाणी तुटले की बांध तडकले. आपल्याकडे देवराईला देवाचा धाक राखतो. येथे मुयोंगला पोटाचा धाक राखतो. लाकूड घ्यायचे ते घरापुरते आणि निवडून. हे सांगताना वाटाड्या एका झाडापाशी थांबला आणि म्हणाला, "हे माझ्या मुलाच्या घराचे." मुलगा त्याचा चार वर्षांचा.

पुलाला मुक्काम. तेथे जुन्या पद्धतीची काही घरे अजून आहेत. चार जाड खांबांवर उचललेली एकच खोली, वर गवताचे उतरते टोपीसारखे छप्पर, आणि सगळ्या जोडणीत एक खिळा नाही. खांबांच्या वरच्या टोकाला लाकडाची जाड गोल चकती बसवलेली असते. ही शोभा नव्हे. खांबावरून चढणारा उंदीर तेथे आडून खाली पडतो, कारण भाताच्या जुड्या वर घरातच ठेवलेल्या असतात. घराखालच्या मोकळ्या जागेत माणसे बसतात, विणतात, गप्पा मारतात. रात्री मात्र मे महिन्यातही अशी थंडी पडली की भाऊ म्हणाला, "ताई, तुझे हुडहुड सुरू झाले."

दुसऱ्या दिवशी पुलाहून कांबुलोला निघालो आणि रान मागे पडले. आता वाट म्हणजे पाटाचा काठ, नाहीतर सरळ खाचराचा बांध. एका बाजूला गुडघाभर पाण्यात भात, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल उभा गडगा, आणि मध्ये पाऊल मावेल एवढा दगड. शहरात फूटपाथवर चालताना तोल जाणाऱ्या माणसाने येथे पहिला तासभर इकडेतिकडे पाहूच नये. वाटाड्या पाठीवर आमचे ओझे घेऊन जात होता, तो घरच्या ओट्यावरून चालल्यासारखा. भात नुकते निसवत होते. या जातीला 'तिनावोन' म्हणतात. त्याचा अर्थच वर्षातून एकदा. थंड डोंगरात पीक सहा महिन्यांहून अधिक काळ उभे असते आणि वर्षाला एकदाच येते. कापायचे तेही विळ्याने सपासप नव्हे. हातात मावणाऱ्या लहान पात्याने एकेक लोंबी खुडायची, जुडी बांधायची. सडायचे उखळात. सखल प्रदेशात सुधारलेले बियाणे वर्षाला दोन पिके देते, आणि त्याचे तांदूळ पोत्यांनी या डोंगरात विकायला येतात. कांबुलोच्या दुकानात मी ते पाहिले. वाटाड्याला विचारले, "घरचे भात किती दिवस पुरते?" तो म्हणाला, "चार-पाच महिने. मग दुकान."

कांबुलोच्या खाली एका वळणावर तो न बोलता थांबला. समोर पायऱ्यांच्या ओळीत एक खिंडार होते. गडग्याचा आठ-दहा हात भाग ढासळून खालच्या खाचरात जाऊन पडला होता. त्या दोन खाचरांत यंदा लावणी झालीच नव्हती. गवत माजले होते. हे त्याचे शेत. मागच्या पावसाळ्यातल्या वादळाने गेले.

गडगा का पडतो याची पुष्कळ कारणे त्याने सांगितली, आणि ती पुस्तकातल्याशी जुळतात. पाणी कमी पडून खाचर वाळले की मातीला भेगा जातात. त्या भेगांतून हातभर लांबीचे गांडूळ भोके पाडतात. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत ज्याचे गुण गायले तोच प्राणी येथे वैरी ठरतो. शिवाय गोगलगायी. १९८०च्या दशकात खायला म्हणून दक्षिण अमेरिकेतली एक गोगलगाय या देशात आणली गेली. लोकांना ती फारशी रुचली नाही, तिला मात्र भाताची कोवळी रोपे फार रुचली. पण या सगळ्यांहून मोठे कारण वेगळेच. गडगा दरवर्षी कोठे ना कोठे फुगतो. तो फुगलेला दिसताच दुरुस्त करायला माणूस लागते, आणि माणूस बागियो शहरात गेलेले असते, मनिलाला गेलेले असते, नाहीतर आखातात.

येथे त्यांच्या वारसाहक्काची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईबापांची उत्तम खाचरे जातात थोरल्या अपत्याकडे, मग ते मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे भाऊबंदकीने वावराच्या चिंध्या होतात. तसे होऊ नये म्हणून ही रीत. आमचा वाटाड्या थोरला. त्याला मी सहज म्हटले, "म्हणजे तू नशीबवान." तो हसून म्हणाला, "ताई, जमीन मला मिळाली, म्हणून मी येथे आहे. धाकटे सुटले."

गडगा परत उभारायचा तर नदीतून दगड वर आणावे लागतात, आणि ते माणसाच्या पाठीवरूनच. एकट्याचे काम नव्हे. पूर्वी यासाठी 'उब्बू' असे: आज दहाजण तुझ्या शेतावर, उद्या तू त्या प्रत्येकाच्या शेतावर. मी म्हटले, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात, कोठे सावड म्हणतात. पुणे जिल्ह्यात भीमाशंकराच्या आसपास महादेव कोळी शेतकरी डोंगरउतारावर भाताची खाचरे काढायला असेच एकत्र जमत आले आहेत. त्यांचा शब्द पडकई. त्याने तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. मग विचारले, "अजून जमतात?" मी सांगितले की प्रथा पार मोडीत निघाली होती, आणि पुढे सरकारी रोजगार हमीतून ती काही गावांत पुन्हा उभी करण्यात आली. "मजुरी देऊन?" "हो, मजुरी देऊन." तो म्हणाला, "येथेही आता मजुरी मागतात. मागू देत. पण ती द्यायची कोठून? भातातून तर निघत नाही."

ती निघते आमच्यासारख्यांच्या खिशातून. तीन दिवस आम्हांला शेते दाखवून त्याला जे मिळणार ते शेत पिकवून मिळत नाही. आणि शेते दाखवायला तो निघाला की ती दुरुस्त करायला माघारी कोणी उरत नाही. प्रवासी म्हणून या हिशेबात आपण जमेच्या बाजूला की खर्चाच्या, याचा विचार करीत मी बातादपर्यंत चालले. भाऊ म्हणाला, "दोन्हीकडे." हिशेबनीस माणूस!

बातादचे वर्णन करू नये हेच बरे. डोंगराने अर्धवर्तुळ केले आहे, त्याच्या पोटाशी वस्ती, आणि वस्तीच्या भोवती तळापासून माथ्यापर्यंत चढत गेलेली हिरवी खाचरे, प्रत्येक खाचराला दगडी काठ. एखाद्या प्रचंड नाट्यगृहात रंगमंचावर उभे राहून रिकाम्या बाकांकडे पाहावे तसे होते. पलीकडच्या उताराने तापिया धबधब्याकडे वाट उतरते. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तेथे पोहून आला. मी पायऱ्या मोजायच्या म्हणून बसले आणि मोजणे सोडून दिले.

या पायऱ्या किती जुन्या? परवापरवापर्यंत ठरलेले उत्तर होते: दोन-तीन हजार वर्षे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ओटली बायर यांनी हा अंदाज बांधला आणि शाळेच्या पुस्तकांपासून प्रवाशांच्या पत्रकांपर्यंत तोच चालत राहिला. पुढे स्टीफन आकाबादो या पुरातत्त्वज्ञाने प्रत्यक्ष खणून, मातीतल्या कोळशाची वये काढून वेगळे चित्र मांडले. २००९पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाप्रमाणे डोंगरातली ही पाणभाताची शेती मुख्यतः गेल्या चारशे वर्षांतली. आधी येथे अळू होते. स्पॅनिश लोक सखल प्रदेशात आले, तेव्हा त्यांच्या तावडीतून निसटलेली माणसे वर सरकली आणि त्यांनी डोंगर फोडून भात लावला. स्पॅनिशांना हा मुलूख शेवटपर्यंत नीट ताब्यात घेता आला नाही.

हे ऐकून काहींना वाईट वाटते म्हणे. दोन हजारांचे चारशे झाले! मला उलट वाटते. दोन हजार वर्षांत मुंग्यांनीही डोंगर पोखरला असता. पाठीवर दगड वाहणाऱ्या माणसांनी थोड्या पिढ्यांत, परक्या सत्तेला पाठ न दाखवता हे उभे केले, ही गोष्ट मोठी. शिवाजीमहाराजांच्या काळात आपल्या सह्याद्रीत गडांचे तट चढत होते, त्याच शतकात येथे हे गडगे चढत असले पाहिजेत. वाटाड्याला हा वाद ठाऊक होता. त्याचे मत विचारले तर म्हणाला, "आजोबांनी बांधला तो गडगा मला माहीत आहे. पडला तोही माहीत आहे."

बातादहून खिंड चढून वर रस्त्याला लागलो की पदयात्रा संपते. बहुतेक प्रवासी तेथून बानावेला आणि मग मनिलाला जातात. मला हुडहुड ऐकायचे होते, आणि ते या बाजूला नव्हे, दक्षिणेकडे कियांगान भागात. इफुगाओंतही भाषा दोन-तीन. हुडहुडची मुख्य भाषा तिकडची. योगायोगाने वाटाड्याची सासुरवाडी कियांगानची. चौथ्या दिवशी तो आम्हांला आपल्या मावससासूबाईंकडे घेऊन गेला.

कियांगान हे नाव इतिहासात दुसऱ्याच कारणाने आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सेनापती यामाशिता याने २ सप्टेंबर १९४५ रोजी येथेच शरणागती पत्करली. त्याचे मोठे स्मारक आहे. ते पाहून आम्ही म्हातारीच्या अंगणात जाऊन बसलो.

सत्तरीच्या पुढची बाई. जावयाला बघून आधी पान, मग चौकशी, मग पुन्हा पान. कापणीला महिना-दीड महिना अवकाश होता, तेव्हा शेतातले गाणे मिळणे नव्हते. पण शेजारच्या तिघीजणी आल्या आणि म्हातारीने सुरुवात केली. ती ओळीचा आरंभ करी आणि बाकीच्या ती मध्येच उचलून शेवटास नेत. आपल्याकडे पोवाड्यात झील धरतात, तसेच. चाल सबंध गाण्याला एकच. पहिल्या पाच मिनिटांत वाटते की हे कंटाळवाणे आहे. दहा मिनिटांनी वाटते की ही चाल नसून चालण्याची लय आहे, एकेक लोंबी खुडत पुढे सरकणाऱ्या हातांची. असली दोनशेवर कथागीते आहेत, एकेकाची चाळीसेक प्रकरणे, आणि सगळे गायला दिवसचे दिवस लागतात. कापणीही दिवसचे दिवस चालते. शिवाय मोठ्या घरी कोणी गेले की रात्रीच्या जागरणाला हेच गाणे.

म्हातारीने घेतली ती आलिगुयोनची कथा. हान्नांगाचा आलिगुयोन बापाच्या वैऱ्याशी लढायला निघतो. समोर येतो वैऱ्याचा मुलगा, पुम्बाखायोन. दोघे दीड वर्ष लढतात, थोडे थांबतात, आणखी दीड वर्ष लढतात. कोणीच हरत नाही. शेवटी दोघांनाही एकमेकांविषयी आदर वाटू लागतो. तह होतो, आणि आलिगुयोन करतो पुम्बाखायोनची बहीण बुगान, पुम्बाखायोन करतो आलिगुयोनची बहीण आगिनाया. म्हणजे चक्क साटेलोटे! भाऊ म्हणाला, "तीन वर्षे लढून सोयरीकच करायची होती, तर मध्यस्थ पाठवायचा." वाटाड्याने हे भाषांतर करून सांगितल्यावर बायका खूप हसल्या.

२००१ साली युनेस्कोने हुडहुडचा मानवजातीचा अमूल्य मौखिक वारसा म्हणून गौरव केला. त्याच २००१ साली त्याच संस्थेने इफुगाओच्या पायऱ्या धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीत घातल्या. गाण्याला मान आणि गाण्याच्या शेताला इशारा, एकाच वर्षी. २०१२ साली पायऱ्या त्या धोक्याच्या यादीतून बाहेर निघाल्या. दुरुस्त्या झाल्या, स्थानिक लोकांनी कष्ट घेतले, हे खरे. कांबुलोखालचे खिंडार मात्र कोणत्याही यादीत नाही.

गाणे झाले आणि म्हातारीने फर्मावले की आता पाहुणीने म्हणावे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या मी म्हटल्या. भावाला उद्देशून होत्या, आणि भाऊ शेजारी मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या ओवीच्या शेवटी त्या चौघींनी शब्द न कळता नुसता सूर उचलला. मग प्रश्न सुरू झाले. हे कशाचे गाणे? दळणाचे. म्हणजे काय? मी दोन्ही हातांनी खुंटा धरून जाते फिरवून दाखवले. पहाटे बायका दळायच्या तेव्हा गायच्या, असे सांगितले. आमच्याकडे अभ्यासकांनी, गी प्वाटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी, गावोगाव हिंडून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या आहेत, हेही सांगितले. एक लाखाचे त्यांना कौतुक वाटले. वाटाड्याने तो आकडा दोनदा विचारून घेतला.

म्हातारीने विचारले, "तुझ्या घरी जाते आहे?"

मी म्हटले, नाही. पीठ गिरणीतून येते.

"मग हे म्हणतेस कधी?"

"वर्गात," मी म्हटले. "मुलामुलींना शिकवताना."

वाटाड्याने ते तिला सांगितले. तिने मान हलवली. येथेही मुलींना हुडहुड शिकवण्याचे वर्ग निघाले आहेत, ती स्वतः शिकवायला जाते. मुली शिकतात, गळे चांगले आहेत, स्पर्धेत बक्षिसेही आणतात. फक्त लोंबी खुडता येत नाही त्यांना, ती म्हणाली, हात दुखतात. मग तिने पानाची पिशवी पुन्हा माझ्यापुढे केली, आणि जावयाला विचारले की गडग्याचे काय झाले. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात सातजण येतो म्हणाले आहेत, दोघे मजुरीवर, पाचजण उब्बूवर. "सात पुरणार नाहीत," म्हातारी म्हणाली, आणि आपल्या घरचे कोण कोण पाठवता येईल ते बोटांवर मोजू लागली.